ठिपके थांबले, सूर लागला

मैत्रिणींनो, लेकीकडे टोकियोला गेलात तर देवळं-बागा पाहालच. पण एक दुपार अकिहाबारासाठी राखून ठेवा. महायुद्धानंतर इथे रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांची गर्दी झाली आणि विजेच्या वस्तूंचा मोठा बाजारच उभा राहिला. जुने रेकॉर्ड प्लेअर आजही मिळतात.

मी गेले ती सासूबाईंच्या रेकॉर्डसाठी. घरच्या प्लेअरचा पट्टा सैल झालेला, त्यामुळे गाण्याचा सूर डळमळायचा. ‘डायरेक्ट ड्राइव्ह’मध्ये पट्ट्याची भानगडच नाही, चकती थेट मोटारीवर फिरते.

घेताना काय पाहाल? चकतीच्या कडेला ठिपके असतात. वेग अचूक असला की दिव्याच्या उजेडात ते जागच्या जागी थांबलेले दिसतात. सुईचा दांडा हलकेच सरकवून पाहा, अडखळता कामा नये. सुई मात्र नवीच घ्या. आणि हो, मागची पट्टी वाचा! जपानात वीज १०० व्होल्टची, आपली २३०. थेट लावलंत तर यंत्र जळालंच म्हणून समजा.

मला चकचकीत यंत्र भावलं होतं. पण कळ फिरवूनही ठिपके सरकतच राहिले. दुकानदार आजोबांनी स्वतःच मान हलवली आणि शेजारचं ओरखडे पडलेलं टेक्निक्स एस. एल. १२०० दाखवलं. हे मॉडेल १९७२ सालचं. ठिपके थांबले! तेच आणलं, शिवाय घरी आल्यावर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला.

रेकॉर्ड लावली. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, “आता कसा षड्ज जागेवर आला!”