तांबडी आणि काळी

वस्तू रंगावरून ओळखण्याची आपली सवय फार जुनी. आंबा पिकला की नाही, ढग पाण्याने भरलेला की पोकळ, हे आपण रंग पाहूनच ठरवतो आणि बहुधा फसत नाही. विजेच्या तारेपाशी मात्र ही सवय बाजूला ठेवावी लागते.

गेल्या पावसाळ्यात भिवंडीतील आमच्या घरी ओसरीवरील दिव्याचे बटण आतल्या आत चिकटले आणि दिवा काही केल्या विझेना. वायरमनला बोलावले, तो माझाच एकेकाळचा विद्यार्थी. त्याने झाकण उघडताच आत दोन तारा दिसल्या, एक तांबडी व एक काळी. माझा नातू उत्साहाने म्हणाला, "तांबडी फेजची, काळी न्यूट्रलची. काळीला हात लावला तरी चालतो!" आणि त्याचे बोट पुढे झाले. वायरमनने ते हलकेच मागे सारले.

"बाळ, बटणात न्यूट्रल येईल कशाला?"

प्रश्न मार्मिक होता. फेजची तार बटणात येते आणि तेथून दिव्याकडे जाते. न्यूट्रल परस्पर दिव्याला मिळते. म्हणजे बटणातील दोन्ही तारा फेजच्याच वाटेवरच्या. दिवा लागलेला असताना त्या काळ्या तारेतही तेच २३० व्होल्ट खेळत होते. बटण न्यूट्रलवर बसवले तरी दिवा विझतो. परंतु होल्डरात फेज जागाच राहतो, आणि बल्ब बदलण्यासाठी स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कसे कळावे?

आमचे गाव यंत्रमागांचे. मागाच्या मोटारीला तीन फेज लागतात : तांबडा, पिवळा, निळा. तेथे निळी तार जिवंत. घरातील कित्येक उपकरणांच्या वायरीत मात्र निळी न्यूट्रलची आणि तपकिरी फेजची. ब्रिटनने तर तांबडा-काळा सोडून तपकिरी-निळा हा संकेत २००४ साली घरांच्या वायरिंगसाठीही स्वीकारला. संकेत माणसांचे, विजेला त्यांचे काय!

वायरमनने टेस्टर आधी चालू प्लगात घालून पाहिला. बिघडलेला टेस्टरही पेटत नाहीच. त्याच्या अंधारावर विसंबून कितीकांचे हात भाजले असतील! मग मेन स्विच बंद करून त्याने फ्यूज काढला व स्वतःच्या खिशात टाकला, कोणी अजाणता परत लावू नये म्हणून. दोन्ही तारांवर टेस्टर फिरवल्यावरच त्याने पेचकस हाती घेतला.

नवे बटण बसले. झाकण लावण्यापूर्वी त्याने काळ्या तारेच्या टोकाला तांबड्या टेपचे दोन वेढे दिले.

"सर, पुढच्या खेपेला मीच येईन असे नाही," तो म्हणाला.