भाच्याची धावपट्टी

पुण्यात एखाद्याचा तरणाताठा मुलगा दिवसाढवळ्या घरात दिसू लागला, की शेजारी विचारतात, "सध्या काय करतो?" पूर्वी ह्याला 'बाहेरून एम. ए. करतोय' हे उत्तर होतं. मग बरीच वर्षं 'एमपीएससीचं बघतोय' हे चाललं. हल्ली 'त्याचा स्टार्टअप आहे' असं सांगतात. हे सगळ्यांत सोयीचं. कारण पुढचा प्रश्न विचारायला विचारणाऱ्याला त्यातलं काहीतरी कळावं लागतं.

आमच्या ताईला ही सोय २०२२ साली लाभली. हिंजवडीतली चांगली, घ्यायला बस येणारी, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा देणारी नोकरी सोडून तिच्या चिरंजीवांनी दोन मित्रांबरोबर कंपनी काढली. अमेरिकेत अशा कंपन्या गॅरेजमध्ये सुरू होतात. ह्युलेट आणि पॅकार्ड ह्यांनी १९३९ साली ५३८ डॉलर घेऊन पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये सुरुवात केली, हे भाचा नामस्मरणासारखं सांगतो. पुण्यात गॅरेज कुठलं? सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिघं टेबल टाकून बसले, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, 'पार्किंगच्या जागेत व्यवसाय करू नये. तसेच हसू नये.' मग कंपनी ताईच्या जेवणाच्या टेबलावर आली. संचालक मंडळाची बैठक चालू असताना ताई मधूनच मटार सोलायला बसे. तिला कोणी उठ म्हणत नसे, कारण चहा तिच्याच हातात होता.

धंदा काय, तर पाण्याचे टँकर. म्हणजे टँकर ह्यांचे नव्हेत, टँकर बोलावण्याचं ॲप ह्यांचं. बाणेर, बालेवाडी, वाघोली, उंड्री ह्या भागांत इमारती आधी आल्या आणि पाणी मागाहून येणार होतं, ते पुष्कळ ठिकाणी अजून वाटेत आहे. उन्हाळा लागला की सोसायटीचा सेक्रेटरी फोनला चिकटतो. टँकर निघाला का, निघाला तर कुठं अडकला, दहा हजार लिटरचा म्हणून आलेला खरोखर दहा हजारांचा का, आणि वॉचमननं सही केली ती चार फेऱ्यांवर की पाच. हा सगळा गोंधळ ह्यांचं ॲप मिटवणार होतं. भावोजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "बापानं जन्मभर कालवे राखले आणि मुलगा टँकरमागे धावतोय," एवढं बोलून ते पेपरात डोकं घालत.

मी एका बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढली. त्यामुळे 'मामाला कळतं' अशी घरात समजूत. भाच्यानं मला लॅपटॉपवर चित्रं दाखवली आणि कंपनी चार कोटींची आहे असं सांगितलं.

"चार कोटी कुठायत?"

"तसं नाही मामा. एकानं दहा टक्के हिस्सा चाळीस लाखांना घ्यायची तयारी दाखवलीय. म्हणजे सगळी कंपनी चार कोटींची."

आम्ही मंडईत भोपळ्याची फोड घेतो, पण फोडीच्या भावावरून अख्ख्या भोपळ्याची किंमत काढून तो भोपळेवाला स्वतःला श्रीमंत म्हणवत नाही. इथे म्हणवतात. आणि ती किंमत १०० कोटी डॉलरच्या वर गेली की त्या कंपनीला युनिकॉर्न म्हणजे एकशिंगी घोडा म्हणतात. आयलीन ली नावाच्या बाईंनी २०१३ साली हे नाव पाडलं, असलं जनावर क्वचित दिसतं म्हणून. पुण्यात २००८ साली निघालेली द्रुवा २०१९ मध्ये त्या कळपात जाऊन बसली, तेव्हापासून ह्या पोरांना प्रत्येक तट्टाच्या कपाळावर शिंगाचा कोंब दिसतो.

"तारण काय?" मी सवयीनं विचारलं.

"तारण नसतं मामा. ते कर्ज नाही. हे एंजल इन्व्हेस्टर असतात."

एंजल म्हणजे देवदूत. ह्यांच्यावरून आपल्याकडे एक करही होता. २०१२ च्या अर्थसंकल्पात तो आला आणि २०२४ च्या अर्थसंकल्पानं तो काढला. गंमत अशी, की कर देवदूताला नव्हता, ज्याला देवदूत भेटला त्याला होता. आमच्या भाच्याला त्याची झळ लागली नाही. चाळीस लाखवाले देवदूत पुढच्या आठवड्यात फोन उचलेनासे झाले. मग तिघांनी आपापली बचत घातली, आणि एका मित्राच्या काकांनी थोडे दिले.

ह्या मंडळींच्या बातम्याही निराळ्या. आम्ही सकाळी पेपर उघडला की आधी निधनवार्ता बघतो. कोण गेलं, वय काय, ओळखीतलं आहे का. ही पोरं फोन उघडतात आणि कोणाला किती पैसे मिळाले आणि कोणी किती माणसं काढली ते बघतात. चेहऱ्यावरचे भाव तेच. भाच्याबरोबर मी शनिवारच्या एका मेळाव्यालाही गेलो होतो. श्रोते कमी पडत होते. पन्नाससाठ तरुण, सगळ्यांच्या अंगात फुकट मिळालेले टीशर्ट, कोपऱ्यात पिझ्झाच्या खोक्यांची चळत. एका मुलानं अदबीनं विचारलं, "सर, आपण काय करता?"

म्हटलं, "काही नाही. निवृत्त."

"ओह! म्हणजे सरांचा एक्झिट झालाय!" तो ओरडला आणि माझ्याभोवती घोळका जमला. आपली कंपनी घसघशीत किमतीला विकून मोकळं होणं ह्याला ते एक्झिट म्हणतात, हे मला मागाहून कळलं. तोवर माझा एक्झिट केवढ्याचा झाला हे मी खरं खरं सांगून टाकलं होतं. ग्रॅच्युइटी ऐकून घोळका पांगला.

मार्च २०२३ मात्र माझा. कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक दोन दिवसांत कोसळली. एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घ्यायच्या मागण्या आल्या. भाच्याचा मेळावाच्या मेळावा रात्रभर जागा. मी त्यांना फळ्यावर समजावून सांगितलं, की लोकांच्या मागताक्षणी द्यायच्या ठेवी लांब मुदतीच्या रोख्यांत अडकवल्या, व्याजदर चढले, की जुन्या रोख्यांचा भाव उतरतो. आणि नेमके तेव्हाच ठेवीदार दारात उभे राहिले. ३१ वर्षांत माझं इतकं लक्षपूर्वक कोणी ऐकलं नव्हतं. चौथ्या दिवशी अमेरिकन सरकारनं सगळ्या ठेवी सुरक्षित आहेत असं जाहीर केलं, आणि पोरं झोपली. आमच्या भाच्याचे पैसे तिथे नव्हतेच. पैसे कुठं असायला आधी ते असावे लागतात.

इकडे टँकरवाले ॲपला बधत नव्हते. मुळशीकडचा एक टँकरवाला सरळ म्हणाला, "साहेब, फोन आला की आपण गाडी सोडतो. मधी हे बटन कशाला?" ह्या एका प्रश्नाला कंपनीकडे वर्षभर उत्तर नव्हतं. पण २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं होतं आणि जो तो आपल्या पाटीवर 'एआय' रंगवत होता. ह्यांनीही रंगवलं. फरक इतकाच, की ह्यांनी टँकरवाल्याचं ऐकलं. बटण काढलं. आता सेक्रेटरी फोनच करतो, यंत्र फोन घेतं, बोललेलं समजून गाडी, वेळ आणि गेट लिहून टँकरवाल्याला धाडतं. पहिल्या प्रयोगात 'मागच्या गेटनं दोन गाड्या' ह्याचं यंत्रानं 'माझ्या भेटीला दोन गाढवं' केलं. मराठी यंत्राला शिकवणं सोपं नाही. पेठेतली मराठी वेगळी, मुळशीची वेगळी आणि तापलेल्या सेक्रेटरीची तिसरीच. तिघं पोरं रात्र रात्र कानाला डबे लावून टँकरवाल्यांची बोलणी ऐकत बसत. भाच्याच्या तोंडी आता 'व्हय' आणि 'धाडतो' पक्कं बसलंय. ताईला त्याचीही काळजी. स्थळं येतात, चौकशी करतात, 'स्वतःचं ऑफिस आहे का' विचारतात आणि पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात.

एकदा त्यानं आईला इन्फोसिसची गोष्ट सांगून पाहिली. १९८१ साली ती इथेच पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी साठवलेल्या १० हजार रुपयांवर. (१९८३ साली ती बंगळूरला गेली, तो भाग तो गाळतो.) ताई म्हणाली, "तिनं नवऱ्याला दिले, मुलाला नव्हे. तू आधी लग्न कर."

भावोजींचं म्हणणं एकच होतं, नोकरी ती नोकरी. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी त्यांनी पेपर दोनदा वाचला. नंतर नोकरीचा विषय निघाला नाही.

दिवाळी झाली आणि एका दुपारी त्यांचा फोन. "अरे, मुदतीआधी ठेव मोडली तर किती कापतात रे हल्ली?"

म्हटलं, "व्याजात अर्धा-एक टक्का कमी देतात."

"एवढंच ना? एकानं विचारलं होतं. आणि हे बघ, तुझ्या बहिणीला बोलू नकोस."

फोन ठेवून चहा घेतो न घेतो, तोच ताईचा फोन. आवाज खाली. "पाटल्या ठेवून बँक किती देते रे? एक शेजारीण विचारत होती. ह्यांच्यापाशी बोलू नकोस हं."

दोघांनाही मी दर सांगितले. शेजारणीचं नाव विचारलं नाही. संध्याकाळी भाच्याला फोन लावला. हातातल्या पैशांवर कंपनी किती महिने चालेल, ह्याला ते रनवे म्हणतात, म्हणजे धावपट्टी. "किती उरलीय?"

"डिसेंबरअखेरपर्यंत. सगळ्यांचे पगार धरून."

"आणि टँकरचा सीझन?"

"फेब्रुवारीच्या मध्याला लागतो," तो म्हणाला. "मधला दीड महिना बसत नाहीये मामा. घरी काही बोलू नकोस."