तारा, गार्ड आणि दम

दातांना तारा बसल्या त्याच दिवशी मला पथ्य पाठ झालं. ऊस दातांनी सोलायचा नाही, चिक्की बंद, कणसाचे दाणे सुटे करून खायचे. कबड्डीचं मात्र विचारवेना. दातांच्या डॉक्टर मॅडम ‘नाही’ म्हणाल्या तर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. मावशी म्हणाली, तारा निघेपर्यंत खेळ सोड. संघातली ताई म्हणाली, ब्रॅकेटवर मेण लाव, काही होत नाही. कबड्डीचे सर म्हणाले, बॉक्सिंगवाले दातांवर घालतात तसला गार्ड घे. बाबांनी दुकानातून तो आणलाही. गरम पाण्यात मऊ करायचा आणि दातांत दाबून धरायचा. तिघांचंही मला पटत होतं, आणि त्यामुळेच काही सुचत नव्हतं. शेवटी बाबांनी आणलेली डबी न उघडताच मॅडमकडे घेऊन गेले.

खेळू नकोस असं त्या म्हणाल्या नाहीत. पण ती डबी त्यांनी बाजूला ठेवली. मऊ झालेला गार्ड चावला की तो दातांवर बसतोच, शिवाय ब्रॅकेटच्या आणि तारेच्या खाचांतही शिरतो आणि गार झाल्यावर तिथेच घट्ट धरतो. काढताना ब्रॅकेट उखडू शकतो. त्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. तारा दात सरकवत असतात आणि असा गार्ड त्यांना जुन्याच जागी धरून ठेवू पाहतो. मेणाने तारेचं टोचणं थांबतं, पण आदळलेलं डोकं थांबत नाही. माझे वरचे दात पुढे आलेले, म्हणजे मार आधी तिथेच लागणार. आणि ओठ बाहेरून डोकं, आतून धातू अशा कात्रीत सापडणार.

त्यांनी वरच्या दातांचं माप घेतलं. प्लास्टरच्या साच्यावर ब्रॅकेटच्या जागी आधी भर घातली, म्हणजे आत मोकळी जागा राहते. त्यावर ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकचा पत्रा तापवून, हवा ओढून बसवला. तयार गार्ड हातात घेतला तर आतून दातांचे ठसे पुसट आणि पुढे एक गुळगुळीत पन्हळ. ती पन्हळ म्हणजे माझ्या तारेची वाट! दात सरकले की हा बसेनासा होईल, तेव्हा दुसरा करायचा, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं.

खरी पंचाईत मैदानावर झाली. मी चढाईची खेळाडू. ‘कबड्डी’चा दम पंचांना स्पष्ट ऐकू आला नाही तर ते परत पाठवतात आणि गुण समोरच्यांना जातो. गार्ड घातल्यावर ‘ब’ला ओठ नीट मिटेनात, ‘ड्ड’ला जीभ टाळूजवळच्या कडेवर अडखळे. तोंडात लाळ साठायची आणि निदान रेषेपर्यंत पोचायच्या आत दम तुटायचा. मी अक्षरशः रडकुंडीला आले. मॅडमनी टाळूकडची कड घासून पातळ केली, तेव्हा ‘ड्ड’ मोकळा झाला. ‘ब’ मलाच बसवायचा होता. घरी अभ्यास करताना, गच्चीवर फिरताना गार्ड घालून दम घालायचा. सर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पाठ करून उभे राहायचे आणि ऐकू आलं तरच हात वर करायचे. हा सराव मला अजून करावा लागतो, पण बोनस रेषेवर पाय टाकताना आता ओठाची काळजी डोक्यात नसते. सरावात डोक्याला डोकं लागून झालं, तरी ब्रॅकेट जागेवर आहेत.

कबड्डीत गार्ड सक्तीचा नाही. म्हणून तारा असलेल्या मुली खेळ तरी सोडतात नाहीतर तशाच उतरतात, आणि या दोन्हींचं मला फार वाईट वाटतं. आमच्या संघात आणखी दोघींना तारा बसणार आहेत. त्यांना मी आधीच सांगितलंय: कबड्डीचं पहिल्याच भेटीत विचारा. गार्ड गार पाण्याने धुवा, भोकं असलेल्या डबीत ठेवा. गरम पाण्यात किंवा उन्हात तो वाकडा होतो. आणि सरांच्या प्रथमोपचाराच्या पेटीवर मी कागद चिकटवलाय: कायमचा दात मुळासकट पडला तर मुळाला हात लावू नका, चावायच्या टोकाने धरा, दुधात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठा. दूध समोरच्या टपरीवर मिळतं, तेही त्यात लिहिलंय.