वाटेला गट नंबर नसतो

आमच्या शिवारात घड्याळ कुणाकडे नव्हतं. पीजे शिट्टी मारून गेली की दुपारची भाकर सोडायची. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वे. दोन रुळांत अडीच फूट अंतर, सगळा मिळून 56 किलोमीटरचा पल्ला. आधी कोळशाचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं. बाजार, शाळेचा दाखला, कार्तिकात शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाची यात्रा, सगळं याच गाडीवर. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत ती थांबली, ती थांबलीच.

रुळाच्या कडेनं जुनी गाडीवाट आहे. गाडी बंद पडली आणि ही वाट जागी झाली. पहाटे पोलीस भरतीची पोरं धावायची. उजाडलं की आम्ही साखरेचे म्हातारे चालायला निघायचो. बायका गप्पा मारत यायच्या. दोन्ही अंगांना कडुनिंब. पैसा लागत नव्हता, कुणाची परवानगी लागत नव्हती.

पहूरजवळ जळगाव-अजिंठा रस्ता या वाटेला आडवा जातो. तो रस्ता रुंद व्हायला हवाच होता. आमची केळी, कापूस त्यावरूनच जातो आणि अडल्यावेळी जळगावचा दवाखानाही त्यावरूनच गाठायचा. त्याची जाहिरात पेपरात आली, तेव्हा पीजे चालू होती. महामार्गाच्या कायद्यात पहिली अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला 21 दिवस मिळतात. आम्ही पारावर पेपर पसरला आणि जो तो आपला गट नंबर शोधू लागला. माझा त्यात निघाला नाही, तसा मी उठून चहाला गेलो. वाटेला गट नंबर नसतो. तिच्यासाठी कुणी पेपर वाचला नाही. 21 दिवस गेले.

पुढे काम आलं. कडुनिंब गेले. रस्त्याचा भराव उंच झाला आणि त्याच्या पायथ्याशी, नेमकं आमच्या वाटेवर, खोल गटार खणलं गेलं. माझे थोरले चुलतभाऊ नाना, वय 78. एका सकाळी ते गटारात उतरले आणि त्यांना वर चढता येईना. धावणाऱ्या पोरांनी हात धरून काढलं. दुसऱ्या दिवसापासून नाना ओट्यावर बसले. मी विचारलं, तर म्हणाले, "पडलो त्याचं काही नाही रे. लेकरायनी उचललं, त्याची लाज वाटते मले."

ते बोलणं मला लागलं. मी गावनकाशाची नक्कल काढली. त्यात रुळाशेजारी आमच्या वाटेची तुटक रेघ स्पष्ट होती. ती घेऊन कामावरच्या इंजिनिअरकडे गेलो. माझ्या नातवाच्या वयाचा पोरगा. त्यानं आपला नकाशा पसरला आणि म्हणाला, "आबा, आमच्याकडे ही वाट दाखवलेलीच नाही." खोटं बोलत नव्हता तो. ज्यांनी दाखवायची ते आम्ही चहा पीत होतो.

मी म्हणालो, "दादा, मले रस्ता अडवायचा नाही. रस्त्याखालून बैलगाडी जाईल एवढी मोरी द्या, गटारावर स्लॅब टाका अन् चढ बैलाले झेपंल असा ठेवा."

तीन अर्ज झाले, ग्रामसभेचा ठराव झाला. चार महिन्यांनी स्लॅब पडला, चढही नीट झाला. मोरी मात्र मिळाली नाही. भराव दाबून वर डांबर पडल्यावर खालून वाट काढणं म्हणजे सगळं पुन्हा उकरणं. ती 21 दिवसांत मागायची गोष्ट होती.

आता पीजेच्या जागी रुंद रूळ टाकून ते जामनेरच्या पुढे मलकापूरपर्यंत न्यायचं ठरलंय. व्हावं ते, चांगलंच आहे. पण रुंद रुळाला जागाही जास्त लागेल, म्हणजे वाटेवर पुन्हा गदा. म्हणून गावनकाशाची ती नक्कल आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलीय, तुटक रेघेवर लाल पेन्सिल फिरवून. यंदा पेपर आला की आधी ही रेघ बघायची, मग आपापला गट.

नाना पुन्हा चालायला लागलेत. स्लॅबपर्यंत येतात, भरधाव गाड्या बघत काठी टेकून उभे राहतात आणि मागे फिरतात. रस्त्यापलीकडची वाट त्यांनी अजून पाहिलेली नाही.