वैनगंगेपलीकडचे एक बंगाली घर

परदेशगमन म्हटले की विमानतळावरचा निरोप, मेतकूट-लोणच्याच्या बरण्या आणि सहा महिन्यांनी सूनबाईंचे ‘आता आम्ही येथे छान रुळलो’ हे आश्वासन, एवढेच आपल्या घरांतून डोळ्यांपुढे येते. परंतु परदेशातून येऊन आपल्याच महाराष्ट्रात संसार मांडलेली जोडपीही आहेत, आणि त्यांस रुळावयास अर्धे आयुष्य लागले, ही गोष्ट पुण्या-नागपुराकडील फारच थोड्या वाचकांच्या कानी आली असेल.

चंद्रपुराहून बल्लारपूर, गोंडपिपरी करीत आष्टीपाशी वैनगंगा ओलांडली की रस्ता सागवानाच्या छायेत शिरतो. पुढे मुलचेऱ्याच्या बाजूस वळावे, तो गावांची नावेच पालटू लागतात. विवेकानंदपूर, सुंदरनगर! दारापुढे तुळशीचे रोप, ओसरीवर वाळत घातलेले जाळे, कोठे हरिनामाचा गजर, आणि कानांवर पडते ती बंगाली भाषा. नवखा प्रवासी क्षणभर गोंधळतो.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६४ च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात, प्रथम खुलना येथे व पुढे ढाक्याकडे, हिंदूंविरुद्ध मोठे दंगे उसळले. लक्षावधी माणसे सीमा ओलांडून आली. पश्चिम बंगालात जागा पुरेना, म्हणून पुष्कळांस रायपूरजवळच्या माना येथील छावणीत आणले गेले. ओरिसा व बस्तरच्या अरण्यात त्यांच्या पुनर्वसनासाठी १९५८ सालीच ‘दंडकारण्य प्रकल्प’ निघाला होता. त्या मुलखाला लागूनच असलेल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही अशी कुटुंबे वसविण्यात आली. १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, तेव्हा यांतली बरीच गावे तिकडे गेली. आलेले लोक बहुतेक नमःशूद्र समाजाचे. शेती आणि मासेमारी हे त्यांचे पिढीजात व्यवसाय.

ज्या जोडप्याविषयी लिहावयाचे आहे, त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला. नावे देत नाही, कारण म्हातारीला ते आवडणार नाही. नवऱ्याचे नाव तर तिने साठ वर्षांत एकदाही उच्चारलेले नाही. ‘खोकार बाबा’, म्हणजे बाळाचे वडील, एवढ्यावरच तिचे भागते. आपल्या आज्या दुसरे काय करीत असत? गेल्या थंडीत मी त्यांच्याकडे दोन दिवस राहिलो.

बंगालीत निर्वासितास ‘उद्वास्तु’ म्हणतात. उच्चार ‘उद्बास्तु’ असा करतात, पण शब्द शुद्ध संस्कृत आहे. आपला ‘निर्वासित’ शब्द नुसत्या वसतीपुरता बोलतो. ‘उद्वास्तु’ मात्र वास्तूचेच नाव घेतो. वास्तुशांतीवाचून नव्या घरात पाऊल न टाकणाऱ्या आपल्यासारख्यांस या शब्दातील वेदना समजावी. त्या बाईंना ती कशी जाणवली, ते त्यांनी मला उलगडून सांगितले. त्यांच्या मुलखात चारी बाजूंस पाणी. तेथे घर बांधावयाचे म्हणजे आधी तळे खणावयाचे. त्या तळ्याची माती उपसून उंचवटा करावयाचा आणि त्यावर घर उभे करावयाचे. घर आणि पुकुर (आपल्या ‘पुष्करिणी’चेच हे रूप) एकाच दिवशी जन्माला येतात. येथे आल्यावर सरकारने जमीन दिली, झोपडीचे सामान दिले, पण झोपडी उभी राहिली ती सपाट मुरमावर.

“गुरुजी, शेजारी पाणी नाही, त्याला घर कसे म्हणायचे?” बाई म्हणाल्या. “मी त्याला पुष्कळ वर्षे ‘बाडी’ म्हटलेच नाही. कॅम्पच म्हणत होते.”

लग्नाला वर्ष झाले नव्हते तेव्हा ही दोघे खुलना जिल्ह्यातले गाव सोडून निघाली. बरोबर एक पितळी कळशी, दोन धोतरे आणि लक्ष्मीची एक तसबीर. नवरा पुरुषासारखा पुरुष, त्याला काम मिळाले की तो स्थिरावला. झाडांची खोडे उपटणे, बांध घालणे, पहिल्या पावसात धान लावणे यांत त्याचे दिवस गेले. येथली माणसे ‘रोवणी’ म्हणतात आणि आपण ‘रोआ’ म्हणतो, दोन्ही एकच, हे त्याच्या ध्यानात आले त्या दिवशी त्याला प्रथम बरे वाटले. (दोहोंची आई संस्कृतातील ‘रोपण’, हे मी सांगितल्यावर म्हातारा फार खूष झाला.) बायकोचे तसे नव्हते. ती दिवसभर झोपडीत. हिवतापाने अंग थरथरे. रात्री वाघाची भीती, आणि शेजारणीशी बोलावे तर शब्द नाही. पहिले मूल त्या तापातच गेले. ते सांगताना दोघेही एकमेकांकडे न पाहता बोलत होती. मीही पुढे विचारले नाही.

तिला पहिला धीर दिला तो एका झाडाने. आपल्याकडे शिंदी म्हणतात तेच त्यांचे ‘खेजूर’. येथील लोक त्याचा रस पिण्यासाठी काढतात. बंगालात थंडीत तोच रस पहाटे उतरवून आटवतात आणि त्याचा गूळ करतात. एका गोंड म्हाताऱ्याने तिला मडकेभर रस आणून दिला, तिने तो चुलीवर आटवला आणि त्याला गुळाचा खडा दिला. त्याने तो चाखला, हसला, आणि दुसऱ्या दिवशी दोन मडकी घेऊन आला. दोघांमध्ये एकही सामाईक शब्द नव्हता.

येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या अरण्यात या मंडळींस वसविले ते ओसाड नव्हते. गोंड आणि माडिया तेथे मोहफुले वेचीत होते, बांबू तोडीत होते, देवांस भजत होते. उद्वास्तूंस कोठे पाठवावे हे ठरविताना त्यांस कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात सीता रामाला बजावते, की दंडकारण्यात राहणाऱ्यांशी आपले वैर नाही, तेव्हा वैरावाचून शस्त्र उचलू नका. नव्या मुलखात पाऊल ठेवणाऱ्या दांपत्यात ही शंका पत्नीला सुचावी, यात कवीची मोठी जाण आहे. या बाईंनी सीतेचा तो उपदेश ऐकलेला नाही. पण आमचे शेत म्हणजे कोणाचे तरी जंगल होते, हे त्या आपण होऊन बोलल्या. पुढे दोन्ही बाजूंस बांधांवरून कटकटी झाल्या, बाजारहाटही झाली, आणि आता आठवडी बाजारात कोण कोणाच्या पालाशी बसतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. १९७७ साली पश्चिम बंगालात नवे सरकार आले आणि दंडकारण्यातील वस्त्यांत आशा पसरली, की आता आपल्याला बंगालात परत जागा मिळेल. १९७८ साली हजारो कुटुंबे असेल ते विकून सुंदरबनातील मरीचझापी बेटाकडे निघाली. ते वारे या घरातही शिरले. नवऱ्याने बैलजोडीची किंमत करून ठेवली. ज्याने येथे धान पिकविले, मराठी शिकून घेतली, झाडीपट्टीच्या नाटकांना रात्ररात्र बसू लागला, तोच परत जाण्यास उतावीळ! आणि जिने या जागेला कधी घर म्हटले नाही, ती बसून राहिली.

कारण असे, की त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात दोघांनी मिळून परसात तळे खणले होते. कुदळ त्याची, टोपली तिची. पाऊस पडल्यावर त्याने अॅल्युमिनियमच्या हंडीतून रोहू-कतल्याची बोटभर पिले आणली. पिलांस हवा मिळावी म्हणून वाटभर हंडीतले पाणी हाताने हलवीत राहावे लागते, तसे तो मोटारीत हंडी मांडीवर घेऊन रात्रभर हलवीत आला होता. “मासे मोठे होऊ द्या, मग जाऊ,” ती म्हणाली. त्याने आरडाओरडा केला, दोन दिवस जेवला नाही. ती रोज सकाळी कोंडा टाकावयास तळ्यावर जाई. गाडी गेली, शेजारची चार घरे गेली, हे राहिले.

१९७९ च्या जानेवारीत सरकारने मरीचझापीची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वस्ती बळाने उठविली. किती जीव गेले याविषयी आजही एकमत नाही. त्या चार घरांपैकी दोन परत आली. उरलेल्यांचे पत्र नाही. “मी शहाणी नव्हते, गुरुजी,” बाई म्हणाल्या, “मला मासे सोडवेनात, एवढेच.” म्हातारा यावर काही बोलला नाही. तो उठून बिडी ओढावयास बाहेर गेला.

माझ्यासारख्या शाकाहारी ब्राह्मणाची त्या घरी पंचाईत व्हावयाची. पण त्यांनी माझ्यासाठी निराळ्या चुलीवर पुऱ्या, हरभऱ्याची डाळ आणि त्या खेजुराच्या गुळाची खीर केली. माशाचा वास मात्र घरभर होता, आणि दुसऱ्या दिवशी तो मला जाणवेनासा झाला, हे पुण्यातील भगिनीवर्गास कळविण्याचे धाडस करतो.

नातवंडे मराठी शाळेत शिकली. भांडताना मराठी बोलतात, आजीपाशी बंगाली. थोरली नात महाविद्यालयात आहे. तिला जातीचा दाखला मिळत नाही. नमःशूद्र समाज पश्चिम बंगालात अनुसूचित जातींत गणला जातो, महाराष्ट्राच्या यादीत त्याचे नाव नाही. आजोबा सीमा ओलांडून आले तेव्हा सरकारी कागदावर ‘निर्वासित’ होते. नात येथेच जन्मली, येथेच पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, तरी तिला आपण कोण हे सिद्ध करता येत नाही. ती मुलगी मला म्हणाली, “सर, आमच्या मागणीचा अर्ज तुम्ही शुद्ध मराठीत लिहून द्याल का?” मी लिहून दिला. तीन पाने झाली. तिने दोन ठिकाणी माझे संस्कृत शब्द काढून सोपे घातले, आणि तिचेच बरोबर होते.

घर आता पक्के व्हावयाचे आहे. नातू विटा आणि सिमेंटची चौकशी करीत फिरतो. म्हातारीची एकच अट आहे, की जोत्याची माती मुरमाची चालणार नाही, तळ्यातूनच काढावी. तळे वैशाखात आटते, तेव्हाच काम धरावयाचे ठरले आहे. म्हातारा म्हणत होता, यंदा दोन हात अधिक खोल जाऊ.