दुबई राहिली, मळवली गाठली

शुक्रवारी रात्री निघून सोमवारी वर्गावर हजर, अशी दुबई आम्ही दोघी मैत्रिणींनी स्टाफरूममध्येच आखली होती. शौहरच्या इंतकालानंतर आपा प्रथमच घराबाहेर पडणार होत्या. पण त्यांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरलेली निघाली. (बहिणींनो, तिकिटाआधी हे पाहाच!)

मग रविवारी डबा बांधून लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो. कार्ल्याच्या पायऱ्यांवर आपांचे गुडघे कुरकुरले. चैत्यगृहाच्या छताला सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांच्या दानाचे लेख.

“म्हणजे परदेशच इथे आला होता!” आपा किती दिवसांनी हसल्या.

परतीच्या लोकलमध्ये त्यांनी मोबाईलवर पासपोर्टचा फॉर्म उघडला.