विषाची वेस

आमच्या घरी एक निळं पिंप होतं. दोनशे लिटरचं, प्लॅस्टिकचं, वरचं तोंड कापून मोठं केलेलं. वडिलांनी ते चाकणच्या एका भंगारवाल्याकडून आणलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या चाळीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि घरातली भांडी पुरायची नाहीत. आईने ते राखेने घासलं, दोनदा सोड्याने धुतलं, उन्हात पालथं घातलं. टँकरच्या गर्दीत आपलं पिंप ओळखू यावं म्हणून भावाने त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'जय भीम' लिहिलं. बुडाशी एक पिवळा तुकडा चिकटलेला होता, त्यावर लाल अक्षरांचं काहीतरी अर्धवट राहिलेलं. ते काय आहे हे कुणी वाचलं नाही. सात वर्षं आम्ही त्या पिंपातलं पाणी वापरलं.

समाजशास्त्रात एमए करून मी सामाजिक कामात आले. कंत्राटी कामगारांच्या तक्रारी लिहिता लिहिता मला घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम वाचावे लागले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत ३३.१ क्रमांकाची नोंद आहे: घातक रसायनांनी माखलेली रिकामी बॅरल आणि डबे. म्हणजे रिकामं बॅरलसुद्धा कायद्याने घातक कचराच. पुढे लेबलचा नमुना दिला आहे. पिवळीधमक पार्श्वभूमी, 'घातक कचरा' ही अक्षरं लाल, हिंदीत, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, पाण्याने धुऊन न जाणारी. ते वाचता वाचता मी उठले, मोरीत गेले आणि पिंप आडवं करून बुडाचा तुकडा पाहिला.

दुसऱ्याच दिवशी मी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्याने दीडशे रुपये दिले. सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी आंबेठाण रस्त्याकडच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये सर्व्हे करत होते. एका दारात तेच पिंप उभं. नांदेडकडून नुकतंच आलेलं कुटुंब. बाई कौतुकाने म्हणाल्या, "ताई, अडीचशेला घेतलं. जय भीम लिवलेलं दिसलं, म्हनलं आपल्याच मानसाचं असंल."

त्या दिवसापासून मी हा लेख मनात लिहिते आहे. कारण कारखान्यांवर मी जो आरोप करत होते, तेच मी स्वतः केलं होतं. विष माझ्या उंबऱ्याबाहेर काढलं आणि पुढे ते कुणाच्या दारात जातं हे पाहिलं नाही.

आता जरा कायद्याचा रस्ता पाहू. कारखान्याने घातक कचरा आवारात जास्तीत जास्त ९० दिवस ठेवायचा. मग तो अधिकृत गाडीने अधिकृत ठिकाणी पाठवायचा. सोबत नोंदपत्राच्या सात रंगांच्या सात प्रती. पाठवणारा, वाहणारा, घेणारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, सगळ्यांकडे कागद. आपल्या पट्ट्यासाठी असं सामायिक केंद्र रांजणगाव एमआयडीसीत आहे. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. दर १ जानेवारीला आपण विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो, तेव्हा नगर रस्त्याची जड वाहतूक शिक्रापूरवरून चाकणकडे वळवतात. एरवी त्याच चाकण-शिक्रापूर रस्त्याने आपल्या कारखान्यांचा गाळ रांजणगावकडे जातो.

तिथे त्याचं काय होतं? काही जाळतात, काहीवर प्रक्रिया करून घट्ट बांधतात आणि उरलेलं सुरक्षित भूभरावात पुरतात. खाली दाबलेल्या चिकणमातीचे थर, त्यावर जाड प्लॅस्टिकची अस्तरं, झिरपणारं पाणी गोळा करणारे पाइप, वरून झाकण. उघड्यावर टाकण्यापेक्षा हे हजारपटीने बरं, यात वाद नाही. पण भराव बंद झाल्यावर त्याची देखरेख किती वर्षं? केंद्रीय प्रदूषण मंडळाचा दंडक ३० वर्षांचा आहे.

आता विज्ञानाची एक साधी गोष्ट लक्षात घ्या. किरणोत्सारी कचरा अत्यंत भयंकर, पण काळ जाईल तसा त्याचा किरणोत्सार कमी होत जातो. शिसं, पारा, आर्सेनिक यांना मात्र वय नाही. मुलामा देण्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या विषारी क्रोमियमला कमी विषारी रूप देता येतं, पण क्रोमियम नाहीसं होत नाही. पारा आज पारा आहे आणि एक लाख वर्षांनीही पाराच राहील. असल्या वस्तूची राखण आपण ३० वर्षांच्या हिशेबाने करतो आहोत. तीस वर्षं म्हणजे एका माणसाची नोकरी.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या विहारात एका रविवारी अभ्यासवर्गानंतर आम्ही बसलो होतो. मी हे सगळं सांगितलं. आयटीआय करणारा एक मुलगा म्हणाला, "ताई, मग पार खोल गाडून का टाकत नाहीत? जिथं विहीर पोचणार नाही तिथं?"

प्रश्न बरोबर होता आणि जगाने तो विचारलेला आहे. जर्मनीत हेर्फा-नॉयरोडे इथे मिठाच्या खाणीत, जमिनीखाली पाचशे मीटरपेक्षा खोल, १९७२ पासून सायनाइड, आर्सेनिक, पारा असलेला कारखान्यांचा कचरा ठेवतात. मीठच का? कारण कोट्यवधी वर्षं तिथे मीठ टिकलं, म्हणजे तेवढा काळ तिथे पाणी पोचलेलं नाही. कुठल्या दालनात काय ठेवलं याची नोंद असते, लागलं तर बाहेर काढता यावं म्हणून. फिनलंडमध्ये ओंकालो इथे सुमारे ४३० मीटर खोल, जुन्या अभेद्य खडकात अणुभट्टीचं जळालेलं इंधन ठेवण्याची सोय केली आहे. तांब्याची डबी, भोवती फुगणारी माती, त्याभोवती खडक. हिशेब एक लाख वर्षांचा. भारतात असं भांडार अजून एकही नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, तारापूरला, अणुइंधनाचा सर्वांत जहाल कचरा काचेत मुरवून ठेवतात, तोही जमिनीत खोल कुठे पुरलेला नाही.

पण चाकणला खोल खड्डा खणा, अशी माझी मागणी नाही. आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे लाव्हाचे थरावर थर. त्याच्या भेगांमधून आणि थरांमधल्या फटींमधून आपल्या विहिरींना, बोअरला पाणी येतं. जिथून पाणी येतं तिथून विषही येणारच. जागा शोधायची तर खडक विचारून शोधावी लागेल.

आणि नुसत्या खोलीवर भरवसा ठेवू नका. फ्रान्समध्ये आल्सास प्रांतातल्या स्टोकामीन या जुन्या पोटॅशच्या खाणीत १९९९ पासून घातक कचरा ठेवायला सुरुवात झाली. लोकांना सांगितलं होतं, गरज पडली तर परत काढता येईल. २००२ साली खाली आग लागली. ज्याला परवानगी नव्हती असा माल खाली गेला होता. सुमारे ४४,००० टन कचरा खाली होता. त्यातला थोडाच वर आला आणि बाकीचा कायमचा खाली बंद करावा की काढावा यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. जर्मनीतच आस्से नावाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात किरणोत्सारी कचऱ्याची सव्वा लाखाच्या वर पिंपं उतरवली. पुढे तिथे पाणी झिरपू लागलं आणि ती परत काढण्याचा कायदा करावा लागला. जमिनीखाली पाचशे मीटर असो की माझ्या मोरीत, पिंपावर लिहिलेलं आणि पिंपात असलेलं एक नसेल तर सगळं व्यर्थ आहे.

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे आलेल्या एका कंत्राटी कामगाराला मी विचारलं, तुम्ही जो गाळ भरता त्यात काय असतं? तो म्हणाला, "ताई, कागद सुपरवायझरकडं असतो. आमच्याकडं फावडं असतं."

मित्रांनो, हे वाक्य आपल्याला नवं नाही. गावगाड्यात मेलेलं ढोर ओढायचं काम आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात होतं. घाण उचलायची यांनी आणि घाणेरडे ठरायचे हेच. घाणीची जागा गावकुसाबाहेर आणि माणसांची वस्तीही तिथेच. १९२० च्या दशकात बाबासाहेबांनी सांगितलं, ढोरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा. आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. घाण कुणी उचलायची आणि पाणी कुणी प्यायचं हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत. आपण मात्र पर्यावरण हा भरल्या पोटाच्या लोकांचा विषय समजून बाजूला ठेवतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ती चूक केली नाही. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनात वॉरन काउंटी या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय भागात विषारी मातीचा भराव आणला, तेव्हा लोक ट्रकसमोर आडवे झाले. पाचशेवर माणसं अटकेत गेली. भराव थांबला नाही, पण पाच वर्षांनी तिथल्या चर्चच्या वंशन्याय आयोगाने देशभराचा अभ्यास करून दाखवलं की घातक कचऱ्याची जागा ठरवण्यात वंश हा सर्वांत मोठा घटक आहे. आपल्याकडे भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून होता. २०२५ च्या जानेवारीत बारा कंटेनर भरून तो पिथमपूरला नेला, तर पिथमपूर पेटून उठलं. नंतर तो तिथेच जाळला. भोपाळची वस्ती सुटली, हे बरंच झालं. पण पिथमपूरच्या माणसाला कुणी विचारलं होतं?

काही कार्यकर्ते म्हणतील, ताई, एमआयडीसीने आपल्याला गावातून सोडवलं, तिच्याविरुद्ध बोलू नका. मान्य आहे. माझे वडील पाटलाच्या वाड्यासमोरून चपला हातात घेऊन जायचे. चाकणला आल्यावर ते सेफ्टी शूज घालून कामावर गेले. कारखाना बंद करा असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. 'आमच्या गावात नको' एवढंच म्हणणंही मला पुरेसं वाटत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याच्या गावातून कचरा उठेल आणि ज्याचा आवाज नाही त्याच्या वस्तीत पडेल. मी माझ्या घरातून पिंप काढलं तेव्हा नेमकं हेच झालं.

म्हणून मागण्या वेगळ्या हव्यात. एक, मुळात विष कमी करा. २०१६ च्या नियमांतच आधी टाळणं, कमी करणं, पुन्हा वापरणं आणि सर्वांत शेवटी विल्हेवाट असा क्रम दिला आहे. दोन, रिकामी बॅरल निर्विष केल्याशिवाय भंगारात जाता कामा नयेत, आणि प्रत्येक कंपनीने बॅरल किती आणली, किती कुठे गेली हे गेटवरच्या फलकावर मराठीत लिहावं. तीन, या कचऱ्याच्या पुनर्वापरात राबणाऱ्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि दरवर्षी आरोग्यावर लक्ष हे त्याच नियमांनी राज्याच्या कामगार खात्यावर टाकलेलं काम आहे, ते मागून घ्या. चार, ज्या विषाला वय नाही त्याच्यासाठी ३० वर्षांचा हिशेब चालणार नाही. त्याचा वेगळा साठा, वेगळी नोंद आणि खोल, कोरड्या खडकाचा शोध सरकारने हाती घ्यावा, खर्च कारखान्यांनी द्यावा. आणि जागा ठरवताना गावाला नाही म्हणायचा हक्क असावा. फिनलंडमध्ये तो आहे. ओंकालोच्या गावपालिकेने २००० साली हो म्हटलं, तेव्हाच काम पुढे गेलं. आपल्याकडे 'गाव' म्हणताना ग्रामसभेत गावकुसाबाहेरची वस्तीही बसलेली हवी, हे मी आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

नांदेडच्या त्या बाईंना मी खरं सांगितलं. आधी त्यांना पटेना, मग त्या गप्प झाल्या. भावाने त्यांना नवं पिंप घेऊन दिलं आणि जुनं आम्ही परत आणलं. आता ते आमच्या घरामागे पालथं उभं आहे, 'जय भीम'च्या खाली लाल रंगाने 'पाणी भरू नये' लिहून. रांजणगावला एका घरातलं एक पिंप कुणी नेत नाही. मी विचारलं, तर एका कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं, भंगारात देऊन टाका.

जय भीम.